मायचं पोटीस आणि आबांची मान

मी चौदा वर्षांची होईपर्यंत माझा असा पक्का समज होता की माणूस दुसऱ्याच्या घरी जातो तो गळू झाल्यावरच. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला कुठे ना कुठे गळू असायचंच. कुणाच्या काखेत, कुणाच्या पाठीवर, आणि बऱ्याच जणांच्या अशा ठिकाणी की ते आले की मला भाकरीची परात उचलून मागच्या अंगाला जावं लागायचं. इतरांच्या घरी पाहुण्याला ‘बसा’ म्हणतात. आमच्याकडे ते जपून म्हणावं लागे, कारण निम्म्या लोकांना बसता येत नसे. ती माणसं चौकटीला हात लावून उभी राहायची, पावसापाण्याचं बोलायची, लेकरांची चौकशी करायची, आणि माय ‘दाखव’ म्हणेपर्यंत गळवाचं नाव काढायची नाहीत.

माझ्या मायचं नाव चंद्रभागा. शिरूर अनंतपाळला गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्धवस्ती होती आणि वस्तीच्या तोंडालाच आमचं तीन खणांचं पत्र्याचं घर. माय सरकारी दवाखान्यात झाडलोट करायची. तिथल्या नर्सबाईंकडून, म्हणजे सिस्टरकडून, ती दोन गोष्टी शिकली होती: साबणाने हात धुवायचे आणि फडकी उकळून घ्यायची. बाकीचा इलाज तिच्या माहेरचा. गावातल्या बायका यायच्या त्या मागच्या दाराने. गावच्या पाटलीणबाई तर बसायला घरून पोतं घेऊन यायच्या. आमच्या घरचं पाणी त्या पीत नसत. मायला द्यायची ज्वारी हातात न देता ओट्यावर ठेवायच्या. पण त्याच बाई मांडी उघडी करून मायच्या हातात द्यायच्या तेव्हा त्यांना काही वाटायचं नाही. त्या गेल्या की माय म्हणायची, “पाणी चालंना, हात चालतो. गळू लई शिकवतंय माणसाला.” हे ती रागाने म्हणायची नाही. आज ज्वारी चांगली आलीय म्हणावं, तसं म्हणायची.

इलाज साधा होता. गळू लहान आणि लाल असेल तर दिवसातून तीनचार वेळा गरम पाण्यात फडकं पिळून शेक द्यायचा, बस्स. जरा मोठं झालं तर पोटीस. जवस खलबत्त्यात कुटायचा, पाण्यात शिजवायचा, हळद टाकायची, सोसवेल इतकं गरम असताना फडक्यावर पसरून बांधायचं. जवस नसेल तर कणकेचं पोटीस, नाहीतर चुलीत भाजलेला कांदा. घरात जवसाचे दोन डबे असायचे, एक चटणीचा आणि एक गळवाचा. माझी दोनदा चूक झाली. चटणीला कुणी नावं ठेवली नाहीत. मायचा एकच कायदा कडक होता, तो म्हणजे दाबायचं नाही. “पिकलं की त्याचं तेच वाट धरतंय. तू कशाला ढकलायलीस?” असं म्हणून तिने भल्याभल्यांच्या बोटांवर फटके मारलेत, त्यात एक सरपंच होते. त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही, त्यांची नातवंडं नांदेडलाच असतात.

आता मीही नांदेडलाच असते. नोकरीची बरीच वर्षं किनवटकडच्या एका आश्रमशाळेत गेली. तिथे पावसाळ्यात लेकरांच्या अंगावर गळवं उठायची आणि मी मायसारखीच बोटांवर फटके मारत फिरायची. निवृत्त झाले तरी ते सुटलं नाही. परवा शेजारच्या सुनेने मोबाइलवर पाहून नवऱ्याच्या गळवावर दातांची पेस्ट लावली. नवरा तीन दिवस पुदिन्याच्या वासात हिंडत होता. मी तिला शेक द्यायला सांगितला, टॉवेल वेगळा ठेवायला सांगितला आणि विचारलं, “ताप आहे का?” ती म्हणाली, “काकू, तुम्ही सगळ्यांना आधी हेच का विचारून राहिल्या?” मी म्हटलं, सवय. ती सवय मला आबांच्या मानेने लावली.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते एस.टी.त कंडक्टर होते, शिरूर-लातूर फेरीवर. अंगाने उंच, बोलायला मऊ, आणि तिकिटाचा चिमटा वाजवायची अशी खोड की घरात जेवताना भाकरीला उशीर झाला तर ताटाच्या कडेवर चमच्याने टकटक करायचे. मी चौदाची होते त्या वर्षी चैत्रात ते वाळत चालले होते. पाणी घागरीने प्यायचे. उठून उठून बाहेर जायचे. माय म्हणायची ड्यूटी लई हाय, आबा म्हणायचे ऊन लई हाय. दोन्ही खरंच होतं, म्हणून आणखी काही असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. मग एक दिवस त्यांच्या मानेवर मागून, कॉलर घासते तिथे, एक लाल गाठ आली.

“पट्ट्यानं घासलंय,” आबा म्हणाले. कंडक्टरची चामडी पिशवी खांद्यावरून मानेला घासायची, तेव्हा ते पटण्यासारखंच होतं. मायने शेक दिला. तिसऱ्या दिवशी पोटीस बांधलं. पोटीस दिसू नये म्हणून आबांनी गळ्यात मफलर गुंडाळला आणि तसेच ड्यूटीवर गेले. बाहेर असं ऊन की गाडीच्या दांड्याला हात लावता येत नव्हता, आणि त्यात लोकरीचा मफलर. कुणी विचारलं की आबा म्हणायचे, “फ्याशन हाय.” मान वळत नव्हती, म्हणून मागच्या सीटवरच्या माणसाशी बोलायचं तर त्यांना सगळं अंग फिरवावं लागायचं. आधीच उंच, त्यात असे अख्खेच्या अख्खे वळायचे. कंडक्टर साहेब झालाय, अशी तक्रार वस्तीपर्यंत आली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ते बाजेवर पालथे पडले होते. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले आणि त्यांच्या पाठीला माझा हात लागला. पाठ तव्यासारखी तापली होती. मी “माय गं” म्हणून हाक मारणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.

“सुजा, मायला सांगू नको.”

“आबा, ताप हाय तुम्हाला.”

“हाय. उतरंल. लातुरातून गोळ्या आणल्यात. ताप हाय म्हणून कळलं की ती मला दवाखान्यात धाडती. दवाखान्याच्या समोर पार हाय. पारावर अख्खं गाव बसलेलं. चंद्राबाईला घरचं गळू जमंना म्हणतील. उद्यापासून कोण येईल तिच्या दारात? ह्या गावात तिला ‘चंद्राबाई’ म्हणत्यात, बाकीच्या आपल्या बायांना काय म्हणत्यात ते तुला ठावं हाय.”

मला ठाऊक होतं.

“माझी शपथ हाय तुला,” आबा म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या घरात शपथ घ्यायला बंदी होती. आबांनीच घातलेली. शपथ, नवस, उतारा, लिंबू-मिरची, हे सगळं आपण सोडलंय, असं ते वस्तीतल्या पोरांना दर महिन्याला ओट्यावर बसवून सांगायचे. मला ते सगळं पाठ होतं. पण ज्याने शपथ खोटी म्हणून सांगितलं त्यानेच ती घातली तर चौदा वर्षांच्या पोरीने काय समजायचं? मी ती खरी समजले. मोडली तर आबा मरतील, असं मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

मायचाही आणखी एक नियम होता. तिला सिस्टरने बदली होऊन जाताना तो सांगितला होता: ताप आला की आपलं काम संपलं, तिथून पुढे डॉक्टर. तो नियम तिने कधी मोडला नव्हता. म्हणून रोज संध्याकाळी आबा ड्यूटीवरून आले की ती त्यांच्या कपाळाला हात लावायची. आणि आबा रोज दारातूनच सरळ मोरीकडे जायचे, डोक्यावर तीन तांबे गार पाणी ओतायचे आणि मग कपाळ पुढे करायचे. माय म्हणायची, “गार हाय.” मग माझ्याकडे बघून विचारायची, “मी गेल्यावर, सकाळी ताप होता का गं? तू घरी असतीस, तुला कळंल.” मी म्हणायचे, “न्हाई.” असं पाच दिवस चाललं. त्या पाच दिवसांत मानेवरच्या त्या गाठीला एकाला दोन, दोनाला चार तोंडं फुटली, आणि शेवटी ती पिठाच्या चाळणीसारखी झाली. माय रोज फडकं सोडायची, बघायची आणि तिचा हात क्षणभर थांबायचा. तिने आयुष्यात शेकड्याने गळवं बघितली होती. हे साधं गळू नाही, अनेक तोंडांची जीवघेणी काळपुळी आहे, हे तिला कळलं नसेल असं मला आज म्हणवत नाही. पण ताप नव्हता ना. तिनेही त्या गार कपाळाला धरून ठेवलं. मी पुढे पुष्कळ शहाण्या माणसांना असंच करताना पाहिलं. रिपोर्टातली एक ओळ चांगली निघाली की उरलेला कागद वाचायचाच नाही.

सहाव्या दिवशी आबा ड्यूटीवर गेले नाहीत. भाकरी समोर ठेवली तर त्यांनी टकटक केली नाही. अंबाडीच्या भाजीचा एक घास घेतला आणि ताट सरकवलं. मग मला म्हणाले, “सुजा, गाडी सुटली का?” कुठली गाडी, ते मला कळलं नाही. माय दवाखान्यात झाडायला गेली होती. मी ओट्यावर उभी राहून विचार केला. आबांनी शपथ घातली होती ती मायला न सांगण्याची. दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही, असं ते म्हणाले नव्हते. आजही मला त्या विचाराचा अभिमान वाटतो. पुढे आयुष्यात मला इतकी चांगली पळवाट कधी सुचली नाही.

मी सरळ पाटलीणबाईंच्या घरी गेले. का, तर सगळं झाकायचं चाललं होतं ते त्यांच्यासारख्यांपासूनच. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांनाच कळलं की लपवायचं काही उरत नाही, एवढाच हिशोब. त्या अंगणात बसून तूर पाखडत होत्या. मी फाटकाच्या आत पाऊल टाकलं तसं त्यांनी सूप थांबवलं.

“काय गं चंद्राच्या पोरी?”

“आबांच्या मानेवर काळपुळी हाय. ताप हाय. सहा दिवस झाले. मायला ठावं न्हाई. आबा म्हणत्यात दवाखान्यात गेलो तर तुम्ही मायकडं यायच्या न्हाईत.”

मी एका दमात बोलले. त्यांनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, “पाणी लई पितेत का?”

“हाव. घागरीनं.”

बाई उठल्या. पदर डोक्यावर घेतला आणि भर दुपारी, मधल्या रस्त्याने, माझ्या पुढे चालायला लागल्या. पारावरचे लोक उठून उभे राहिले. पाटलीणबाई पायी आमच्या वस्तीत चालल्या होत्या, तेही पोतं न घेता. आमच्या पुढच्या दारातून त्या आत शिरल्या तेव्हा माय नुकतीच घरी येऊन चूल फुंकत होती. ती गडबडून उभी राहिली.

“चंद्रा,” बाई म्हणाल्या, “तुझ्या मालकाला ताप हाय. माझ्या सासऱ्याला असंच झालं व्हतं. पाठीवर. पाणी पिऊ पिऊ हैराण. साखर व्हती म्हणं, मागून कळलं. आम्ही घरातच ठिवलं. पाला बांधला, लेप लावले. पंधरा दिवसांत गेले.”

“दवाखान्यात का न्हाई नेलं?” मायने विचारलं.

“पाटलाचा माणूस सरकारी दवाखान्याच्या रांगेत कसा बसवायचा?” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. “इज्जत राहिली बघ. माणूस गेला.”

मायने आबांच्या बाजेकडे जाऊन विचारलं, “ताप हाय का तुम्हाला?”

“न्हाई,” आबा म्हणाले.

त्या दिवशी तिने कपाळाला हात लावला नाही. बनियनमध्ये हात घालून पोटावर ठेवला. मग हात काढून घेतला आणि तो हात तसाच हवेत धरून ती थोडा वेळ उभी राहिली. नंतर तिने साबणाने हात धुतले, मानेवरचं पोटीस सोडलं, चुलीत टाकलं, स्वच्छ कोरडं फडकं नुसतं ठेवलं आणि म्हणाली, “उठा.”

“पारावरून?” आबांनी विचारलं.

“पारावरूनच.”

त्यांनी मफलर मागितला. मायने तो दिला नाही.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मानेकडे एकदा पाहिलं, लघवी तपासली आणि चिठ्ठी लिहिली: आजच्या आज लातूर. म्हणून आम्ही आबांच्याच गाडीने गेलो. त्यांना खिडकीजवळ बसवलं होतं. एवढ्या वर्षांत ते त्या गाडीत बसून कधी गेले नव्हते. दर थांब्याला ते उठायला बघायचे आणि माय त्यांचा दंड धरून खाली बसवायची. लातूरच्या दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. साखर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी ती पुन्हा मोजायला लावली. मग मान कापून सगळं काढलं. बाहेर येऊन डॉक्टरांनी विचारलं, “पोटीस कोण बांधत होतं?”

“मी,” माय म्हणाली. तिची मान खाली होती.

“हात स्वच्छ ठेवलेत, दाबलं नाहीत. लहान फोडाला शेक चालतो,” डॉक्टर म्हणाले. “पण बाई, ताप आलेलं, तोंडावरचं किंवा मानेवरचं, अनेक तोंडांचं, लाल रेघ चढणारं, आठवड्यात न उतरणारं, तान्ह्या लेकराचं, आणि साखरवाल्याचं कुठलंही. हे घरी ठेवायचं नाही. आणखी दोन दिवस थांबला असतात तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो.”

मायने ते सगळं ओठ हलवत मनात म्हटलं. तिला लिहिता येत नव्हतं. मग ती वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात आली आणि तिने मला विचारलं, “तुला कवाधरनं ठावं व्हतं?”

“सहा दिवस.”

तिने माझ्या कानाखाली एक ओढली. व्हरांड्यातले सगळे बघायला लागले. मग तिने मला इतकं जवळ ओढलं की माझं नाक तिच्या गळ्याच्या हाडाला लागलं, आणि ती रडली. तिचं रडणं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. मीही रडले. मला फार भीती वाटली होती, आणि त्या सहा दिवसांत ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती. आत आबा शुद्धीवर आल्यावर पहिलं काय बोलले, तर सुजाला मारू नको, शपथ मीच घातली होती. माय म्हणाली, “घरी चला, तुमचं बी बघते.” पण तिने त्यांना काही केलं नाही. फक्त ते बरे होईपर्यंत रोज सकाळी त्यांच्या पोटावर हात ठेवायची, आणि बरे झाल्यावरही ठेवत राहिली.

तीन आठवड्यांनी आम्ही घरी आलो. आबांनी म्हटलं होतं तसंच झालं. आमच्या दारात कुणी येईना. चंद्राच्या नवऱ्याला लातूरला कापावं लागलं, ही बातमी गावात आमच्या आधी पोचली होती. गळवाच्या डब्यातल्या जवसाला जाळी धरली. संध्याकाळी माय दारात बसून राहायची, हात मांडीवर ठेवून, आणि आबा घरातल्या घरात आवाज न करता वावरायचे. जणू त्यांनी तिचं काही फोडलं होतं. एकदा ते म्हणाले, “माझ्यामुळं झालं.” माय म्हणाली, “तुम्ही हाय न्हवं?” आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला लागली. त्या काळात आमच्याकडे पाहुणे येत नव्हते, म्हणून मला प्रथमच दुपारी झोपायला मिळालं. मला ते आवडलं नाही.

पावसाळा लागता लागता एक बाई आली. गावातलीच, सुताराच्या घरची नवी सून. पुढच्या दाराने आली होती, कारण मागचं दार असतं हे तिला कुणी सांगितलं नसावं. तिच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू होतं आणि लेकराच्या नाकाशेजारी टपोरं लाल गळू. माय उठली. मला वाटलं आता ती जवसाचा डबा मागणार. तिने हात धुतले, लेकराच्या पोटावर हात ठेवला, गळवाकडे पाहिलं, बोट लावलं नाही.

“दवाखान्यात,” ती म्हणाली. “आत्ताच.”

सुनेचं तोंड उतरलं. लेकरू तिने दुसऱ्या कडेवर घेतलं. “सासूबाई म्हणल्या तुमच्याकडंच जा. दवाखान्यातच जायचं तर मग तुम्ही कशाला हाव?”

“हेच सांगाया,” माय म्हणाली, आणि तिच्यासोबत जायला म्हणून चपला शोधू लागली.